डॉ. खानोलकर आणि तुलनेचं गणित

मी सोलापुरात संख्याशास्त्राचे क्लास घेतो. जनुकीय माहितीवर हात बसावा म्हणून एकदा सरावाचा डेटा घेतला, प्रोग्रॅम चालवला, आणि कर्करोगाशी 'जोडलेली' शेकडो जनुकं पडद्यावर! आनंद दोन दिवस टिकला. रुग्ण बहुतेक एका समाजातले होते, निरोगी माणसं दुसऱ्या. प्रोग्रॅमला आजार सापडलाच नव्हता, समाजांमधला फरक तेवढा सापडला होता. आपल्याकडचंच बघा. पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरांतले रुग्ण घेतले आणि तुलनेला कन्नड लिंगायत घरांतले निरोगी लोक, तर हेच होणार. पिढ्यानपिढ्या लग्नं आपापल्या समाजात झालीत ना!

ही चूक निस्तरताना मला डॉ. वसंत रामजी खानोलकर भेटले, अर्थात वाचनातून. जन्म १८९५चा. लंडनला पॅथॉलॉजीत एमडी, मग मुंबईत अध्यापन. १९४१ साली टाटा मेमोरियल सुरू झालं, तिथली प्रयोगशाळा त्यांच्याकडे आली. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले, पण ते राहू द्या.

मुंबईत कर्करोग शरीरात कुठे होतो, हे समाजागणिक बदलताना त्यांना दिसत होतं. फरक रक्तात की सवयींत? डीएनएची रचनाही तेव्हा उलगडलेली नव्हती. त्यांनी दोन्ही बाजू मोजायला घेतल्या. एल. डी. संघवींसोबत मुंबईतल्या सहा समाजांमधले सात आनुवंशिक गुण मोजले, रक्तगट त्यातलेच. तो निबंध १९४९चा. माझा प्रोग्रॅम ज्या फरकाला फसला, तो या दोघांनी संगणकाशिवाय आकड्यांत मांडला होता! मग सवयी. संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखूवरचा अभ्यास १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. रुग्णांच्या जोडीला कर्करोग नसलेली माणसंही घेतली, आणि तंबाखू खाणं वेगळं, ओढणं वेगळं धरलं. विड्या वळणाऱ्या आमच्या गावाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

एक अडचण मात्र राहतेच: दवाखान्यात जो पोहोचतो, तोच मोजला जातो. खानोलकर १९७८ साली गेले. १९८७ साली आमच्याच जिल्ह्यात, बार्शीला, देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम भागातल्या गावांतले रुग्ण शोधून नोंदवायचे आणि त्या गावांच्या लोकसंख्येला भागायचं.

समाजांमधला फरक हिशेबात धरून मी तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. त्या शेकड्यांतली बहुतेक नावं गळून पडली.