न्यायमूर्ती चंदावरकर

फणसवाडीतून शाळेत येणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ‘प्रार्थना समाज’ हा नुसता बसथांबा वाटायचा! न्या. रानड्यांनंतर त्या समाजाचे अध्यक्षपद १९०१ पासून अखेरपर्यंत सांभाळणारे सर नारायण गणेश चंदावरकर मूळचे होनावरचे, जन्म १८५५चा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, वकील झाले, ‘इंदुप्रकाश’ची इंग्रजी बाजू लिहू लागले.

१८८५ साली ते विलायतेला गेले. तिथे पार्लमेंटची निवडणूक होती. हिंदुस्थानला एक मत नाही, तरी तिथल्या मतदारांपुढे आपले गाऱ्हाणे मांडायला मुंबई, बंगाल आणि मद्रासचा एकेक प्रतिनिधी निघाला, मुंबईचे हे. डेप्टफर्डहून उभे राहिलेले लालमोहन घोष पडले. १९०० साली चंदावरकर लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि लगेच हायकोर्टाचे न्यायाधीश.

पुढचा प्रसंग मात्र अवघड. १९१० साली नाशिक कटाचा खटला तीन न्यायाधीशांच्या खास न्यायासनापुढे चालला. ज्यूरी नाही, अपील नाही. स्कॉट आणि हीटन यांच्याबरोबर तिसरे चंदावरकर. सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. अनेकांनी त्यांना हे कधी माफ केले नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण १९०६ साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी परळला अस्पृश्यांसाठी मिशन काढले, तेव्हा त्याचे अध्यक्षही हेच होते.

१९२१ मध्ये ते मुंबई कायदेकौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेही निवडून नव्हे, सरकारी नेमणुकीने. १९२३ साली बंगळूरला वारले.