जॉन बॉयड डनलॉप: चाकात हवा भरणारा घोड्यांचा डॉक्टर आणि तुमच्या ड्युअल-स्पोर्ट बाईकचं नवं टायर

माझी ताई तळोद्यात राहते आणि धडगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. रोजचं अप-डाऊन, मध्ये चांदसैली घाट, आणि शेवटचा तुकडा कच्चा. त्यासाठी तिच्याकडे २०० सीसीच्या आसपासची ड्युअल-स्पोर्ट बाईक आहे, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे चालणारी. मागच्या वर्षी मागचं टायर गुळगुळीत झालं तेव्हा मी पुण्यात बसून, व्हिडिओ बघून, तिला मोठमोठ्या बटणांचं नॉबी टायर पाठवून दिलं. दिसायला एकदम जबरदस्त!

श्रावणात घाटातल्या ओल्या डांबरावर, वळणात, मागचं चाक सरकलं. ताईचा गुडघा फुटला, मुलांच्या वह्या भिजल्या. दरी दुसऱ्या बाजूला होती म्हणून एवढ्यावर निभावलं. टायरमध्ये काही खोट नव्हती. निवड चुकली होती, आणि ती मी केली होती.

या वर्षी पावसाळ्याआधी पुन्हा टायर घ्यायचं आहे. यावेळी रिव्ह्यू बघण्याआधी मी उलटा गेलो, थेट त्या माणसापर्यंत ज्याच्यामुळे आपण आज हवेवर चालतो. त्याची गोष्ट वाचताना लक्षात आलं की टायर निवडायचं कसं, याचं बरंचसं उत्तर तिच्यातच आहे.

सारंगखेड्यात शोभला असता असा माणूस

जॉन बॉयड डनलॉप हा ना इंजिनिअर होता, ना रबराचा कारखानदार. तो जनावरांचा डॉक्टर होता. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो ना, तिथे त्याला दिवसभर काम मिळालं असतं.

त्याचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावात, शेतकऱ्याच्या घरी. लहानपणी त्याला सांगितलं गेलं होतं की तो दिवस भरण्याआधी जन्मला, म्हणून त्यानं प्रकृतीला जपायला हवं. तो आयुष्यभर तसाच जपून वागला. एडिंबराच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकून त्यानं काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केलं. १८६७ मध्ये तो आयर्लंडला गेला. आधी डाउनपॅट्रिक गावात भावाबरोबर दवाखाना चालवला, मग बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर स्वतःचा. १८८० च्या दशकात त्याचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांपैकी एक होता. म्हणजे पोटापाण्याची चिंता नाही, वय सत्तेचाळीस, धंदा जमलेला. अशा वयात बहुतेक लोक नवीन भानगडीत पडत नाहीत.

अंगणातला प्रयोग

डनलॉपच्या मुलाकडे, जॉनीकडे, एक तीनचाकी सायकल होती. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे, आणि त्या काळची चाकं टणक. पोराला दणके बसायचे. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये बापानं यावर काम सुरू केलं.

घोड्यांच्या उपचारांत लागणाऱ्या वस्तू करताना रबर त्याच्या हाताखालून गेलं होतं. त्यानं पातळ रबराची नळी केली, सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाच्या लाकडी चकतीभोवती ती कापडानं बांधली आणि तिच्यात हवा भरली. मग अंगणात साधी चाचणी घेतली. तीनचाकीचं टणक चाक ढकललं, तसंच हवेचंही ढकललं. टणक चाक मध्येच थांबलं. हवेचं चाक अंगण ओलांडून फाटकाच्या खांबाला आपटलं आणि उसळून मागे आलं.

इथे जरा थांबू, कारण हे का झालं ते कळलं की अर्धं काम झालं. टणक चाकासमोर खडा आला की चाकासकट सगळी गाडी वर उचलावी लागते आणि पुन्हा खाली आदळते. प्रत्येक दणक्यात पुढे जाण्याची थोडी ताकद वाया जाते. हवेचं चाक खड्याला पोटात घेतं, गाडी जवळपास सपाटच चालते. डनलॉप आराम शोधत होता, त्याला वेगही सापडला.

मग त्यानं तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेची टायर्स बसवली, त्यानंतर दुचाकी सायकलला. ७ डिसेंबर १८८८ ला त्याला पेटंट मिळालं. योगायोग बघा, किर्लोस्कर बंधूही आपल्या उद्योगाची सुरुवात १८८८ पासूनच मोजतात, आणि ती सुरुवात होती बेळगावातलं सायकलचं दुकान.

१८ मे १८८९

बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकल शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा एक स्वार डनलॉपची जाडजूड टायर्स लावून उतरला. बघ्यांनी टायर्सची खिल्ली उडवली. ह्यूम चारही शर्यती जिंकला.

ही टायर्स हार्वे ड्यू क्रॉस या डब्लिनच्या व्यापाऱ्याच्या नजरेत भरली. तो आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉपनं आपले हक्क कंपनीला दिले आणि बदल्यात थोडी रोख रक्कम आणि थोडे शेअर्स घेतले.

पेटंट गेलं, टायर राहिलं

पुढच्याच वर्षी बातमी आली की पेटंट टिकत नाही. कारण हवेचं चाक आधीच कुणीतरी शोधलं होतं! रॉबर्ट विल्यम थॉमसन, हाही स्कॉटिशच. त्यानं १८४५ मध्ये, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचा असताना, हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचं आवरण, आणि वापर घोडागाडीसाठी. बग्गीवर ते चाललंही. पण तेव्हा आपण ओळखतो तशी सायकल नव्हती, रबर महाग होतं, आणि कल्पना विसरली गेली. डनलॉपला तिचा पत्ताच नव्हता.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. रात्रभर जागून काही लिहावं आणि सकाळी कळावं की कुणीतरी ते आधीच लिहून ठेवलंय. फरक एवढाच की थॉमसनकडे उत्तर होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. डनलॉपच्या वेळेपर्यंत, १८८५ पासून, दोन सारख्या चाकांची साखळीवाली सायकल बाजारात आली होती. तिला ते टायर हवंच होतं.

कंपनी वाचली ती वेगळ्या गोष्टींवर. चार्ल्स वेल्चनं १८९० मध्ये टायरच्या कडेत तार घालून ते रिमवर घट्ट बसवायची पद्धत काढली. त्याच वर्षी विल्यम बार्टलेटनं रिमच्या कडेत अडकणारं टायर केलं. हे दोन्ही हक्क कंपनीनं मिळवले. शिवाय वुड्सचा व्हॉल्व्ह आला. आपल्या जुन्या सायकलींच्या ट्यूबवर जो व्हॉल्व्ह असतो, ज्यात वॉलट्यूब घालतात, तो त्याच घराण्यातला. म्हणजे हवेची कल्पना सगळ्यांची झाली. पैसा आला तो टायर रिमवर नीट बसण्यातून आणि हवा आत टिकण्यातून.

नाव मोठं, माणूस बाजूला

पुढे सगळं वेगात झालं. १८९४ मध्ये जर्मनीत हिल्डेब्रांड आणि वुल्फम्युलर यांची मोटरसायकल विक्रीला आली, तीही हवेच्या टायर्सवर. १८९६ मध्ये कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली आणि लगेच ५० लाख पौंडांना भागधारकांपुढे मांडली गेली. डनलॉप तोवर बाहेर पडला होता. या मोठ्या पैशात त्याचा फारसा वाटा नव्हता.

तो डब्लिनमध्ये राहिला, कापडाच्या एका धंद्यात भागीदार झाला. त्याचा दाढीवाला चेहरा मात्र जाहिरातींत फिरत राहिला. कंपनीनं त्याला नटव्या म्हाताऱ्याच्या रूपात दाखवलं, तेव्हा तो चिडला आणि आपलंच नाव लावणाऱ्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेला. तो वाद पार हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला. २३ ऑक्टोबर १९२१ ला डब्लिनमध्येच त्याचं निधन झालं. पंधरा वर्षांनी, १९३६ मध्ये, बंगालमधल्या साहागंजला डनलॉपचा कारखाना सुरू झाला आणि ते नाव आपल्याकडे गावागावात पोचलं. आज हंगामात शहाद्याकडे ऊस ओढणाऱ्या टायरच्या बैलगाड्या दिसतात. बैलाच्या मानेवरचा भारही त्याच अंगणातल्या प्रयोगानं हलका केला.

मग टायर कसं निवडायचं?

डनलॉपच्या आयुष्यातून मी तीन प्रश्न काढले, त्याच क्रमानं.

पहिला: रस्ता कोणता? डनलॉपनं जगातलं सर्वोत्तम टायर शोधलं नाही. एका मुलासाठी, एका शहराच्या फरशांसाठी टायर केलं. मीही आधी ताईला विचारायला हवं होतं. नंदुरबार जिल्ह्यात एका दिवसात तीन रस्ते भेटतात. तापीकाठची काळी माती पावसात टायरला चिकटते. तिथे बटणांमधली जागा मोठी लागते, म्हणजे चाक फिरताना चिखल झटकला जातो. सातपुड्यात, मोलगी किंवा तोरणमाळकडे आतल्या वाटांवर मुरूम आणि खडी. तिथे बटणं पकडतातच, पण टायरची कूसही मजबूत हवी, नाहीतर धारदार दगड बाजूनं कापतो. आणि घाटातलं ओलं डांबर. तिथे मोठी बटणं उलट वागतात. रस्त्याला टेकणारं रबर कमी असतं, वळणात उंच बटणं वाकतात, ब्रेकला अंतर जास्त लागतं, आणि झीजही लवकर होते.

म्हणून एक आठवडा मोजा की किती किलोमीटर डांबर, किती कच्चा. दहात आठ डांबर असेल तर बारीक खाचांचं, डांबराकडे झुकलेलं टायर घ्या. निम्मं-निम्मं असेल तर मधल्या बटणांचं. पूर्ण नॉबी फक्त त्यांनी घ्यावं ज्यांचा बहुतेक प्रवास चिखलात किंवा शेतात आहे.

दुसरा: हवा किती? वजन पेलते ती मुख्यतः हवा. समजा मागच्या चाकावर १२० किलो भार आहे आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो, म्हणजे सुमारे २८ पीएसआय. तर रस्त्याला टेकणारा भाग अंदाजे ६० चौरस सेंटिमीटर. मोबाईलच्या स्क्रीनपेक्षाही कमी! त्यावर ताई, बाईक आणि वह्यांची बॅग. हवा कमी केली तर हा भाग वाढतो, मातीत पकड येते. पण फार कमी केली तर रिमला मार बसतो, ट्यूब चिमटते, आणि डांबरावर गाडी डुलते. बाईकच्या पुस्तिकेतला आकडा धरा, गाडी थंड असताना मोजा आणि आठवड्यातून एकदा बघा. हवा मोजायचा खिशातला गेज टायरच्या मानानं अगदी स्वस्त मिळतो.

तिसरा: नीट बसतं का? डनलॉपची कंपनी इथेच तरली. टायरच्या कुशीवर १२०/८०-१८ असं लिहिलेलं असतं. १२० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के उंची, आणि १८ इंची रिम. कंपनीनं दिलेलाच आकार घ्या. रुंद टायर भारी दिसतं, पण चेनला किंवा स्विंगआर्मला घासू शकतं आणि वळणात गाडी जड करतं. पुढचा आकडा भाराचा. ६२ म्हणजे २६५ किलो. त्यानंतरचं अक्षर वेगाचं. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको.

चार आकड्यांचा तारखेचा शिक्काही वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं टायर घेऊ नका. बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनं आहे ना, ते बसवतानाच बघा. तारांचं चाक असेल तर बहुतेक वेळा ट्यूब लागतेच, कारण तारांच्या भोकांतून हवा निघते. टायरबरोबर ट्यूबही नवी घाला आणि एक जास्तीची डिकीत ठेवा. धडगावच्या वाटेवर पंक्चरवाला लगेच मिळेलच असं नाही.

आमचा निर्णय

या रविवारी मी ताईला फोन केला आणि पहिल्यांदा तिलाच विचारलं की तुझा रस्ता कसा आहे. तिनं एका दमात सांगितलं की जवळपास सगळं डांबर, त्यात घाट ओला, शेवटी थोडा मुरूम, आणि शाळेजवळचा एक ओढा. उत्तर तिथेच मिळालं. डांबराकडे झुकलेलं टायर, आकार मूळचा, ट्यूब नवी, आणि सोबत हवेचा गेज. ओढ्याजवळ शंभर पावलं ती गाडी हळू नेईल. घाटात रोज घसरण्यापेक्षा ते बरं.

तुमची यादीही अशीच सुरू करा. ब्रँड सगळ्यात शेवटी. आधी गाडी कोण चालवतं आणि कुठून जातं, ते लिहा.