सुरांचे नम्र साधक : महंमद रफी



लग्नाच्या वरातीत बँडवाले ‘सूरज’ चित्रपटातले ते प्रसिद्ध गाणे वाजवतात, ते आपण ऐकले आहे. नवरी सासरी निघाली की लाउडस्पीकरवर ‘नीलकमल’मधले बिदाईचे गाणे लागते आणि एरवी कठोर दिसणारे वडीलही तोंड फिरवून डोळे पुसतात, हेही आपण पाहिले आहे. ही दोन्ही गाणी गाणारा गळा एकच. तो गळा महंमद रफी यांचा. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली.

रफीसाहेबांच्या गाण्यांची जंत्री देण्याचा येथे हेतू नाही. ती आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. विचार करायचा आहे तो निराळ्याच गोष्टीचा. मुलाच्या अंगी एखादा गुण दिसू लागला आणि तो घरच्यांच्या पसंतीचा नसला, तर काय करावे? मुलाने त्या गुणाचे काय करावे? रफीसाहेबांचे आयुष्य या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देते, म्हणून ते आपण समजून घेऊ या.

पंजाबातील अमृतसर जिल्ह्यात कोटला सुलतानसिंग नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे २४ डिसेंबर १९२४ रोजी हाजी अली महंमद यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. घरात सहा भाऊ. रफीला सगळे लाडाने ‘फीको’ म्हणत. गावात एक फकीर गात गात फिरत असे. लहानगा फीको त्याच्या मागोमाग जाई आणि त्याच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करी. रफीसाहेबांचा पहिला उस्ताद म्हणायचा तर हा फकीरच. कान देऊन ऐकण्याची सवय त्यांना तेथे लागली.

१९३५ च्या सुमारास हे कुटुंब लाहोरला आले. भाटी दरवाजाजवळच्या नूर मोहल्ल्यात त्यांचे केशकर्तनाचे दुकान होते. रफीही दुकानात हात चालवू लागला. हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आणि ओठांवर सूर! वडील धार्मिक वृत्तीचे. मुलाने गाणेबजावणे करावे हे त्यांना रुचणारे नव्हते. त्या काळी कोणत्याही इभ्रतदार घरात हेच झाले असते. पण थोरला भाऊ महंमद दीन आणि त्याचा मित्र अब्दुल हमीद यांनी या मुलाचा गुण ओळखला. मुलाला रागावून गप्प करण्यापेक्षा त्याला चांगल्या गुरूंच्या हाती द्यावे, असा विचार त्यांनी केला.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. त्या भावाकडे ना पैसा होता, ना मोठे शिक्षण. पण धाकट्याच्या अंगी काय आहे हे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले. आपल्या घरातला फीको कोणता, हे आपल्याला ठाऊक आहे का?

रफीने उस्ताद अब्दुल वहीद खाँ, पंडित जीवनलाल मट्टू आणि फिरोज निजामी यांच्याकडे तालीम घेतली. विद्येला जात नसते, हे त्याला असे लहानपणीच कळले. तेरा वर्षांचा असतानाची एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. लाहोरात कुंदनलाल सैगल यांचा कार्यक्रम होता. वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला आणि श्रोते गडबड करू लागले. तेव्हा या मुलाला उभे करण्यात आले. ध्वनिक्षेपकाशिवाय त्याने असा सूर लावला की सभा शांत झाली. पुढे संगीतकार श्यामसुंदर यांनी त्याला ‘गुल बलोच’ या पंजाबी चित्रपटात गायला लावले.

१९४४ साली रफी मुंबईस आले. अब्दुल हमीद सोबत होते. भेंडीबाजारात दहा बाय दहाच्या खोलीत दिवस काढले. नौशाद यांनी त्यांना काम दिले, पण सुरुवातीला ते बहुतेक समूहस्वरातले. १९४६ च्या ‘शाहजहान’ चित्रपटात सैगल यांच्या गाण्यात मागे साथ देणाऱ्या आवाजांत एक आवाज रफींचा आहे. ज्यांच्या सभेत एकदा एकट्याने गायले, त्यांच्याच मागे आता समूहात गायचे! पण त्यात कमीपणा मानला नाही. १९४७ साली ‘जुगनू’ चित्रपटात नूरजहाँ यांच्याबरोबरचे द्वंद्वगीत गाजले आणि रफी हे नाव लोकांच्या ओठी आले.

त्याच वर्षी फाळणी झाली. नूरजहाँ आणि ‘जुगनू’चे संगीतकार, म्हणजेच त्यांचे गुरू फिरोज निजामी, पाकिस्तानात गेले. ज्या लाहोरात रफी घडले ते परक्या देशात गेले. रफी मुंबईतच राहिले. १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाल्यावर राजेंद्र कृष्ण यांनी बापूंच्या जीवनावर लिहिलेले आणि हुस्नलाल-भगतराम यांनी स्वरबद्ध केलेले गीत त्यांनी गायले. सारा देश ते ऐकून रडला. पंडित नेहरूंनी त्यांना आपल्या निवासस्थानी बोलावून गायला लावले.

१९५२ सालचा ‘बैजू बावरा’ हा त्यांच्या आयुष्यातला मोठा टप्पा. त्यातले मालकंस रागातले भजन शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशाद यांनी बांधले आणि रफी यांनी गायले. तिघेही मुसलमान, पण ते भजन आजही मंदिरांतून भक्तिभावाने गायले जाते. १९६० च्या ‘कोहिनूर’मध्ये याच तिघांनी हमीर रागात कृष्णाचे गीत दिले. लाहोरची तालीम येथे कामी आली. नुसता गोड गळा असून हे साधले नसते.

रफीसाहेबांचे आणखी एक वैशिष्ट्य आपण ध्यानात घ्यावे. ज्या नटासाठी गायचे, त्याचे बोलणे-चालणे ते गळ्यात उतरवीत. १९५७ सालचा ‘प्यासा’ पाहा. त्यात गुरुदत्तसाठी त्यांनी जगाला विटलेल्या कवीची व्यथा गायली आणि त्याच चित्रपटात जॉनी वॉकरसाठी डोक्याला तेल चोळणाऱ्या मालिशवाल्याचे खुसखुशीत गाणेही गायले. लाहोरच्या दुकानातला तो मुलगा त्या गाण्यात खुशीने डोकावत असेल, असे वाटल्याशिवाय राहत नाही. शम्मी कपूरसाठी हाच आवाज उसळ्या मारतो, तर ‘हकीकत’मध्ये शहीद होणाऱ्या जवानाचा धीरगंभीर निरोप होतो.

१९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फिल्मफेअर पारितोषिक सहा वेळा मिळाले. त्यांतले एक ‘दोस्ती’ (१९६४) या चित्रपटासाठी. त्याचे नायक अगदी नवखे होते आणि संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची कारकीर्दही नुकतीच सुरू झाली होती. नवोदित संगीतकारांकडून रफीसाहेब नाममात्र मानधन घेत, असे अनेक किस्से सांगितले जातात.

पण थोर माणसाचे प्रत्येक मत बरोबरच असते असे नाही. गाण्याच्या रॉयल्टीवरून लता मंगेशकर आणि त्यांच्यात मतभेद झाला. एकदा मेहनताना घेतला की गायकाचा हक्क संपला, असे रफी मानीत. लताबाई गायकाचा हक्क मागत होत्या. काही वर्षे दोघांनी एकत्र गायले नाही, मग समेट झाला. पुढे २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंतांच्या रॉयल्टीला मान्यता मिळाली. म्हणजे या प्रश्नात काळाने लताबाईंच्या बाजूने कौल दिला. रफींच्या मताला मात्र लोभाचा वास नव्हता, एवढे नक्की.

आपल्या मराठी भाषेवरही त्यांचे ऋण आहे. संगीतकार श्रीकांत ठाकरे यांनी त्यांच्याकडून मराठी गीते गाऊन घेतली. त्यांतली काही वंदना विटणकर यांची. माणूस देव बाहेर शोधत फिरतो आणि तो तर त्याच्या अंतरात असतो, अशा आशयाचे त्यांचे भक्तिगीत मराठी घराघरांत पोहोचले. मातृभाषा पंजाबी असलेल्या गायकाने नामवंत झाल्यावरही नव्या भाषेचे उच्चार शिकून घ्यावेत, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९६९ च्या ‘आराधना’नंतर किशोरकुमार यांची लाट आली आणि रफींची गाणी कमी झाली. या काळात त्यांनी कोणावर चिखलफेक केली नाही. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांनी कव्वालीही गायली आणि शिर्डीच्या साईबाबांचे गीतही. त्याच वर्षीच्या ‘हम किसीसे कम नहीं’साठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

३१ जुलै १९८० रोजी, रमजानच्या महिन्यात, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. दुसऱ्या दिवशी मुसळधार पावसात हजारो लोक जनाज्यात सामील झाले. सर्व धर्मांचे लोक त्यात होते. जुहूच्या कब्रस्तानात त्यांना दफन केले. २०१० साली नव्या दफनांसाठी जागा करताना त्यांची कबरही राहिली नाही. राहिली ती गाणी, चार हजारांहून अधिक हिंदी चित्रपटगीते.

विद्यार्थी मित्रांनो, रफीसाहेबांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. म्हणून शाळेची गरज नाही, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. त्यांनी शाळा सोडली असेल, शिकणे कधी सोडले नाही. फकिराकडून, उस्तादांकडून, पंडितांकडून, पुढे प्रत्येक संगीतकाराकडून ते शिकतच राहिले. आपल्याला तर शाळा, ग्रंथालय आणि शिक्षक हाताशी आहेत.

आणि पालकहो, आपल्या मुलाचा कल गाण्याकडे असेल, चित्रकलेकडे असेल, यंत्रांकडे असेल किंवा खेळाकडे. त्याला मोकाट सोडू नका, पण त्याचा गळाही दाबू नका. महंमद दीन यांनी केले तेच करा. त्याला एखाद्या चांगल्या गुरूच्या दारापर्यंत नेऊन सोडा. पुढची मेहनत त्याची.