हवेला वेसण

लोकल फलाटावर येऊन थांबते तेव्हा तिच्या पोटाखालून एक लांब सुस्कारा ऐकू येतो. मुंबईकराच्या कानाला तो इतका सवयीचा झालेला असतो की तो सोडतं कोण, असा प्रश्न त्याला पडत नाही. मी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात उमेदीची तीस वर्षं काढली. गाडीखाली वाकून होज पाइप जोडणं, अँगल कॉक उघडणं, कुठल्या डब्याचे ब्रेक चिकटलेत हे नुसत्या वासावरून ओळखणं, हेच आमचं आयुष्य. त्यामुळे मला तो सुस्कारा ऐकला की एका माणसाची आठवण येते. तो जाऊन शंभर वर्षं उलटून गेली. त्याचं नाव जॉर्ज वेस्टिंगहाऊस.

बहुतेकांना हे नाव विजेमुळे माहीत असतं. एडिसनचा एकदिश प्रवाह विरुद्ध टेस्ला-वेस्टिंगहाऊसचा प्रत्यावर्ती प्रवाह, १८९३ चं शिकागोचं प्रदर्शन, नायगाराची वीज, या गोष्टी शाळेपासून ऐकलेल्या असतात. मला मात्र तो विजेचा माणूस वाटत नाही. तो हवेचा माणूस होता. मुठीत मावेल अशा दट्ट्याच्या आणि सरकत्या झडपेच्या जोरावर त्याने हवेला वेसण घातली. बाकी सगळं नंतरचं.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज नावाच्या खेड्यातला. वडिलांचा शेतीची यंत्रं बनवण्याचा कारखाना होता, तो पुढे स्केनेक्टडीला गेला. पोराचं मन शाळेपेक्षा लेथवर जास्त. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला, आधी घोडदळात आणि मग आरमारात इंजिनिअर म्हणून. परत आल्यावर युनियन कॉलेजात नाव घातलं आणि काही महिन्यांत सोडलंही. पहिलं पेटंट १८६५ सालचं, फिरत्या वाफेच्या इंजिनाचं. ते इंजिन काही चाललं नाही. पण रुळावरून घसरलेले डबे परत रुळावर चढवण्याचं त्याचं साधन रेल्वे कंपन्यांनी विकत घेतलं आणि त्यामुळे त्याचा रेल्वेशी संबंध आला.

स्केनेक्टडी आणि ट्रॉय यांच्या दरम्यान दोन मालगाड्यांची समोरासमोर टक्कर झालेली त्याने पाहिली. लख्ख दिवस, सरळ रूळ, दोन्ही ड्रायव्हरांना समोरची गाडी दिसत होती, आणि तरीही कुणाला काही करता आलं नाही. का करता आलं नाही, हे आजच्या वाचकाला समजावून सांगायला हवं. त्या काळी ब्रेक म्हणजे प्रत्येक डब्यावरचं एक हाताने फिरवायचं चाक. ड्रायव्हरने शिट्टी मारायची, मग ब्रेकमन नावाच्या माणसांनी एकेका डब्याचा ब्रेक आवळत पुढे जायचं. मालगाडीवर ही माणसं डब्यांच्या टपांवरून चालत. पाऊस असो, बर्फ असो, रात्र असो, चालत्या गाडीच्या एका टपावरून दुसऱ्यावर उडी मारायची. १८८९ च्या जूनअखेर संपलेल्या एका वर्षात अमेरिकेच्या रेल्वेवर सुमारे दोन हजार कामगार मेले आणि वीस हजारांवर जखमी झाले. हातांनी डबे जोडताना आणि ब्रेकसाठी टपावर धावताना गेलेले त्यांत फार मोठ्या संख्येने होते. माणूस स्वस्त होता, म्हणून हातब्रेकही स्वस्त होता. रेल्वे कंपन्यांचा हिशेब इतका साधा होता.

वेस्टिंगहाऊसने आधी साखळीचा ब्रेक करून पाहिला, मग वाफेचा विचार केला. पण लांब नळीतून जाताना वाफेचं पाणी होतं. याच सुमारास मासिकाची वर्गणी मागायला आलेल्या मुलीला त्याने नाही म्हटलं नाही आणि त्या मासिकात फ्रान्स व इटलीमधल्या माँ सेनी बोगद्याची हकिकत वाचली. आल्प्सच्या पोटात हजारो फूट आत, नळीतून पोचवलेल्या दाबाच्या हवेवर छिद्रं पाडणारी यंत्रं चालत होती. हवा थंड झाली तरी तिचं पाणी होत नाही. डोंगरात इतक्या आत जाते ती हवा गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत का जाणार नाही?

कमोडोर व्हँडरबिल्टने त्याला हाकलून लावल्याची गोष्ट सगळ्या चरित्रांत मीठमसाला लावून येते. मला ती सोडून द्यावीशी वाटते. त्याहून बोलका तपशील असा की पॅनहँडल रेल्वेने त्याला प्रयोगासाठी गाडी दिली ती या अटीवर, की बसवण्याचा खर्च त्याचा आणि नुकसान झालं तर तेही त्याचंच. पहिल्याच फेरीत पिट्सबर्गच्या बोगद्यातून बाहेर पडताच रुळावर एक घोडागाडी आडवी आली, हाकणारा खाली पडला. ड्रायव्हर डॅनियल टेटने हँडल फिरवलं आणि गाडी त्या माणसापासून चारएक फुटांवर थांबली. १३ एप्रिल १८६९ ला पेटंट मिळालं, सप्टेंबरात कंपनी उभी राहिली. मालकाचं वय तेवीससुद्धा पूर्ण नव्हतं.

इथे थांबला असता तर तो एक नशीबवान तरुण ठरला असता, इतकंच. कारण हा पहिला ब्रेक सरळ डोक्याचा होता. इंजिनावर हवा साठवायची, ब्रेक हवा असला की ती नळीतून डब्यांकडे सोडायची. नळी फुटली, गाडी मध्येच तुटली, की ब्रेक गेला. म्हणजे नेमक्या संकटाच्या वेळी साथ सोडणारा ब्रेक. ही खोट त्याची त्यालाच खुपत होती. १८७२ साली त्याने सगळी मांडणी उलटी केली. नळीत हवा आहे तोवर ब्रेक मोकळा, हवा गेली की ब्रेक लागणार. प्रत्येक डब्याखाली हवेची एक छोटी टाकी, एक ब्रेक सिलिंडर, आणि या दोघांच्या मध्ये एक झडप. हीच ती ट्रिपल व्हॉल्व्ह. टाकी भरणं, ब्रेक लावणं, ब्रेक सोडणं, ही तीन कामं करणारी.

नव्या पोरांना ही झडप शिकवताना मी कापून ठेवलेला एक नमुना वापरत असे. आत एक दट्ट्या. त्याच्या एका बाजूला गाडीभर गेलेल्या ब्रेक पाइपची हवा, दुसऱ्या बाजूला डब्याच्या टाकीची. पाइपचा दाब जास्त असला की दट्ट्या एकीकडे सरकतो, बारीकशा खाचेतून टाकी भरत राहते आणि सिलिंडरमधली हवा बाहेर निघून जाते. तोच तो स्टेशनवरचा सुस्कारा. ड्रायव्हरने पाइपमधली थोडी हवा सोडली की टाकीचा दाब वरचढ होतो, दट्ट्या उलटा सरकतो आणि टाकीतली हवा सिलिंडरमध्ये शिरते. खरी गंमत पुढे आहे. हवा सिलिंडरमध्ये जाईल तसा टाकीचा दाब उतरतो. तो पाइपच्या दाबाहून जरासा खाली आला की दट्ट्या आपणहून किंचित मागे येतो आणि वाट बंद करतो. म्हणजे ड्रायव्हरने पाइपमधून जेवढं मागितलं, तेवढ्याच मापाने ब्रेक लागतो. पुढच्या काही वर्षांत सुधारत गेलेल्या या झडपेत, ७० पौंड दाबाच्या पाइपमधून ८ पौंड उतरवले की सिलिंडरमध्ये साधारण २० चढतात. २० उतरवले की ५० चढतात आणि दोन्हीकडे सारखं होतं, त्यापुढे मिळत नाही. एकास अडीचचं हे प्रमाण येतं टाकी आणि सिलिंडर यांच्या आकारांतून.

वीज नाही, मोजमापाचं घड्याळ नाही, कुणी बघणारा नाही. ओतीव लोखंडाचं घर, पितळेची सरकती झडप, एखाद-दुसरी स्प्रिंग. आज कारखान्यात हवेचा प्रवाह प्रमाणात सोडणाऱ्या झडपा विजेवर आणि चिपवर चालतात, त्यांच्या किमती ऐकून छोटे कारखानदार हात टेकतात. ही झडप मात्र खेड्यातल्या यार्डातला फिटर पान्याने उघडून, पुसून, परत बसवू शकत असे. लाखो डब्यांना बसवायची वस्तू याहून वेगळी असून चालणारच नव्हतं. शिवाय वेस्टिंगहाऊसचा एक हट्ट होता: जुन्या झडपेचा डबा नव्या झडपेच्या गाडीत जोडला तरी चालला पाहिजे. गिऱ्हाइकाला सगळं फेकून नवं घ्यायला लावणाऱ्या आजच्या कंपन्यांनी हे ऐकून ठेवावं.

प्रवासी गाड्यांचं जमलं, पण मालगाडी वेगळं जनावर. १८८६ साली आयोवातल्या बर्लिंग्टनला पन्नास-पन्नास डब्यांच्या मालगाड्यांवर ब्रेकच्या चाचण्या झाल्या. पुढच्या डब्यांचे ब्रेक लागायचे, ती बातमी नळीतून मागे पोचेपर्यंत मागचे डबे पूर्ण वेगात येऊन पुढच्यांवर आदळायचे. आत बसलेली माणसं फेकली जायची. १८८७ च्या फेरीतही हेच. नुसत्या हवेने हे होणार नाही, विजेची मदत घ्या, असं परीक्षकांचं मत पडलं. विजेत स्वतः बुडालेला हा माणूस ते मान्य करून मोकळा झाला असता. पण त्याने त्याच वर्षी झडपच बदलली. आणीबाणीत पाइपची हवा फक्त इंजिनाकडून सोडायची नाही, प्रत्येक डब्याच्या झडपेनेच आपल्यापाशी ती थोडी मोकळी करायची, म्हणजे पुढचा डबा मागच्याला आणि तो त्याच्या मागच्याला ढकलत निरोप देणार. पन्नासाव्या डब्याला निरोप दोन-तीन सेकंदांत पोचू लागला. मग पन्नास डब्यांची गाडी स्वखर्चाने घेऊन तो गावोगाव फिरला आणि लोकांसमोर ती थांबवून दाखवली.

बर्लिंग्टनच्या चाचण्या पाहणाऱ्यांत लोरेंझो कॉफिन नावाचा आयोवाचा एक शेतकरी होता. डबे जोडताना एका कामगाराची बोटं तुटलेली त्याने पाहिली होती आणि तेव्हापासून तो सभा, पत्रं, अर्ज यांत आयुष्य घालवत होता. त्याच्या चिवटपणामुळे आणि वेस्टिंगहाऊसच्या झडपेमुळे २ मार्च १८९३ ला अमेरिकेत कायदा झाला. एअर ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलिंग सक्तीचे झाले. ब्रेकमनचं टपावरून धावणं हळूहळू थांबलं. कायदा व्हायला झडपेनंतर वीस वर्षं लागली, हेही लिहून ठेवायला हवं. वस्तू तयार होती, तिची गरज दिसत होती, मेलेल्यांची मोजदाद होत होती.

इंग्लंडने मात्र दुसरी वाट धरली. तिथे १८८९ च्या जूनमध्ये आयर्लंडात आर्मा इथे सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घसरले. त्या गाडीचा व्हॅक्यूम ब्रेक आपोआप लागणारा नव्हता. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यांत मुलं पुष्कळ. त्याच वर्षी आपोआप लागणारा ब्रेक कायद्याने सक्तीचा झाला, पण तिथल्या बहुतेक कंपन्यांनी व्हॅक्यूमच पत्करला आणि तोच आपल्याकडे आला. आमच्या खात्यात व्हॅक्यूमला नावं ठेवण्याची फॅशन होती. मला ते पटत नसे. व्हॅक्यूमचा ब्रेक थोडा लावता येतो तसा थोडा सोडताही येतो. ट्रिपल व्हॉल्व्हला ते जमत नाही. पाइपचा दाब जरा वाढवला की ब्रेक सगळाच सुटतो. भोर घाटासारख्या सदतिसास एकच्या उतारावर हा फरक काय असतो, ते तिथून गाडी उतरवणाऱ्याला विचारावं. पण वातावरणाच्या दाबापलीकडे व्हॅक्यूमचं बळ जात नाही. अठ्ठावन्न वाघिणींची जड मालगाडी त्याच्याने आवरत नाही, म्हणून आपणही १९८० च्या दशकापासून हवेकडे वळलो. आजच्या डी.व्ही.ने, म्हणजे डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हने, ट्रिपलची ती उणीव भरून काढली आहे. तरी आकडे बघा: पाइपमध्ये ५ किलो दाब, १.६ उतरवला की सिलिंडरमध्ये ३.८. पाच किलो म्हणजे जवळजवळ तेच ७० पौंड.

माणूस म्हणून तो धिप्पाड, झुपकेदार मिशांचा आणि स्वतःविषयी लिहून ठेवण्याचा कंटाळा असलेला. १८७१ पासून त्याच्या कारखान्यात शनिवारी अर्धी सुट्टी असे, तेव्हा ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटे. विल्मर्डिंगला ब्रेकचा नवा कारखाना काढला तेव्हा कामगारांना हप्त्यांवर घरं दिली. संत नव्हता. पेटंटसाठी कोर्टात भांडायचा तेव्हा कुणाला सोडत नसे. १८८४ मध्ये पिट्सबर्गच्या स्वतःच्या बंगल्याच्या आवारात विहीर खणून नैसर्गिक वायू काढला आणि शेजाऱ्यांची झोप उडवली. मग तो वायू गावभर न्यायचा तर दाब उतरवत न्यायला हवा, म्हणून पुढे पुढे रुंद होत जाणाऱ्या नळ्या आणि पुन्हा झडपा. तीनशे साठाहून जास्त पेटंटं त्याच्या नावावर आहेत.

१९०७ च्या बँकांच्या पडझडीत विजेची कंपनी कर्जापायी त्याच्या हातून गेली. ब्रेकची कंपनी राहिली. शेवटच्या वर्षांत तो मोटारगाडीच्या पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी दाबाच्या हवेचे सिलिंडर बसवण्याच्या खटपटीत होता. १२ मार्च १९१४ ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. त्याच्या शवपेटीला खांदा दिला तो एअर ब्रेकच्या कारखान्यातल्या जुन्या कामगारांनी.