कप्तान किड व त्याच्या जहाजावरील करारनामा

चाच्यांच्या गोष्टींत कप्तान विल्यम किड याचे नाव फार गाजलेले आहे. परंतु ज्या अपराधांसाठी तो फासावर चढला ते वर्सोवा, मढ व गोराई यांच्यापुढे पसरलेल्या आपल्याच अरबी समुद्रात घडले, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. म्हणून त्याचे वृत्त येथे थोडक्यात देतो.

किड हा मूळचा स्कॉटलंडचा. न्यूयॉर्क येथे तो घरदार करून राहिला होता. इ. स. १६९५ त हेन्री एव्हरी नावाच्या चाच्याने मक्केहून परतणारे औरंगजेब बादशहाचे जहाज लुटले, तेव्हा बादशहाने सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांस कैदेत टाकले. पुढल्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने किडास चाचे धरण्याची सनद दिली व ३४ तोफांचे जहाज घेऊन तो निघाला.

जहाजावर पगार कोणासच नव्हता. लूट मिळेल तरच वाटा. म्हणून सप्टेंबर १६९६ त कप्तान व खलाशी यांनी एक करारनामा केला. लढाईत डोळा, हात किंवा पाय गमावणाऱ्यास सहाशे चांदीची नाणी द्यावी. भ्याडपणा करणाऱ्याचा किंवा ऐन लढाईत दारू पिऊन धुंद होणाऱ्याचा वाटा बुडावा. बंड करणाऱ्याचा वाटा जाऊन शिवाय कप्तान व बहुमत ठरवील ती शारीरिक शिक्षा त्यास व्हावी. आणि सोबत्यांचे एका नाण्याइतकेही धन लपविणाऱ्यास वाटा न देता पुढे लागेल त्या बेटावर उतरवून द्यावे, असे त्यात ठरले. आपल्या कोळी बांधवांतही लबाडाबरोबर कोणी जाळे टाकीत नाही. नियमावाचून लुटारूंचेही चालत नाही, हेच खरे.

परंतु हे नियम जहाजाच्या कठड्यापाशीच संपत. १६९७ साली किडाने पार्कर नामक कप्तानाचे मुंबईचे लहान जहाज अडविले. पैसा कोठे आहे हे सांगावे म्हणून त्यावरील माणसांस तलवारीच्या पात्याने झोडपण्यात आले. कारवारच्या इंग्रज वखारीने चौकशी करताच, पार्कर आपल्या कैदेत असताही, किडाने ते साफ नाकारले. तेथे काही खलाशी त्यास सोडून गेले. त्यांपैकी एकाने मुंबईस जबानी दिली.

३० ऑक्टोबर रोजी लूट मिळत नाही म्हणून विल्यम मूर नावाचा गोलंदाज कुरकुरू लागला. बंडाची शिक्षा बहुमताने ठरावी असा करार होता. पण किडाने कोणास न विचारता लोखंडी पट्ट्यांची बादली त्याच्या डोक्यात घातली. मूर दुसऱ्या दिवशी मरण पावला. ज्याने नियम केला त्यानेच तो मोडला.

जानेवारी १६९८ त सुरतेकडे जाणारे मालाने भरलेले एक जहाज किडाने धरले. पण मादागास्कराजवळ पोहोचताच त्याचे बहुतेक सोबती करार विसरून दुसऱ्या चाच्यास मिळाले. १६९९ साली बोस्टन येथे किड पकडला गेला. लंडनच्या न्यायालयात त्याच्याच दोन खलाशांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. धरलेल्या जहाजांपाशी फ्रेंच परवाने होते असे तो म्हणत राहिला, पण ते कागद न्यायालयापुढे आलेच नाहीत. विसाव्या शतकात ते सरकारी दप्तरात सापडले. म्हणजे त्याचा न्यायही पुरता झाला नाही. २३ मे १७०१ रोजी त्यास फाशी दिले. पहिला दोर तुटला, तेव्हा पुन्हा चढविले.

असो. किडाच्या करारात जखमी सोबत्याची काळजी होती, चोरीस शिक्षा होती, बहुमतास मान होता. मात्र पार्करच्या खलाशांस त्यात जागा नव्हती. जो पंच आपल्यांस एक माप व परक्यांस दुसरे लावतो, त्याने हे वृत्त ध्यानात ठेवावे. परक्यावरील अन्याय जहाजात एकदा शिरला, की तो घरच्या माणसांपर्यंत येतोच. विल्यम मूरपर्यंत येण्यास त्यास सुमारे दोनच महिने लागले.