भुईमुगाच्या तेलावर चाललेलं इंजिन

डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला बंदी घातली आणि साखरपट्ट्यात एकच गहजब उडाला. पाऊस कमी, साखर तुटेल, ही सरकारची भीती. कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलऱ्यांचं काय करायचं, हा कारखान्यांचा सवाल. आठवडाभरात बंदी सैल झाली, ऑगस्ट २०२४मध्ये उठलीही. मला मात्र त्या गडबडीत सारखा रुडॉल्फ डिझेल आठवत होता.

आपल्याकडे डिझेल म्हणजे तेल. ते एका माणसाचं आडनाव, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. १८५८ साली पॅरिसमध्ये, जर्मन आईबापांच्या पोटी तो जन्मला. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. १८७०मध्ये फ्रान्स आणि जर्मनांचं युद्ध पेटलं आणि कुटुंब लंडनला परागंदा झालं. १२ वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकला शिकत असताना एक गोष्ट त्याच्या मनात रुतली : वाफेचं इंजिन कोळशातली सुमारे ९० टक्के उष्णता वायाच घालवतं. १८९७मध्ये त्याने २५ टक्क्यांहून अधिक उष्णता कामाला लावणारं इंजिन चालवून दाखवलं. बड्या कारखान्यांपुढे तग न धरणाऱ्या छोट्या कारागिराच्या हाती शक्ती यावी, ही त्याची मनीषा. बापाचा धंदा त्याने जवळून पाहिला होता, म्हणूनच असेल.

१९००च्या पॅरिस प्रदर्शनात असं एक छोटं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललं. चाललं इतकं सुरळीत की बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याचा पत्ता लागला. आज ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. पण कल्पना डिझेलची नव्हतीच, फ्रेंच सरकारची होती! आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक. तिथल्या यंत्रांना बाहेरून इंधन न्यावं लागू नये, हा हिशेब. पिकवणाऱ्याच्या ताटाचं काय, हा प्रश्न त्यात मला कुठे दिसत नाही. पुढे डिझेलनेही प्रयोग केले आणि १९१२मध्ये अशा तेलांना कधीतरी पेट्रोलियमइतकं महत्त्व येईल, अशी आशा व्यक्त केली.

ताटाचा प्रश्न सरकारांना सुचायला शंभर वर्षं लागली. युरोपीय संघाने आधी पिकांच्या इंधनाला भरघोस उत्तेजन दिलं. मग त्यासाठी दूरदेशीची जंगलं शेतीखाली जातात हे उमगल्यावर, वाहतुकीच्या उद्दिष्टात खाद्यपिकांचं इंधन ७ टक्क्यांपर्यंतच धरायचं, असं २०१५मध्ये ठरवलं. आपल्याकडे हाच तंटा साखरेच्या पोत्यापाशी येऊन बसला.

डिझेलच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. पेटंटांनी त्याला लक्षाधीश केलं. जमिनीचे सौदे आणि कोर्टकज्जे यांनी कफल्लक. २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर जेवण उरकून तो केबिनकडे गेला. सकाळी बिछाना तसाच होता. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत दिसलं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडलं. त्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या.