ताराबाई मोडक : बालहिताचा ध्यास

‘अंगणवाडी’ हा शब्द यवतमाळ जिल्ह्यातील गावागावांत आणि कोलामांच्या पोडांवरही आज रुळला आहे. तो रूढ करणाऱ्या ताराबाई मोडक यांचे वऱ्हाडशी असलेले नाते मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही. यवतमाळच्या शेजारच्या अमरावतीत त्यांचा संसार उभा राहिला आणि तेथेच तो विस्कटला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १९२१ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले. लहान मुलीला सोबत घेऊन ताराबाई राजकोटला गेल्या व तेथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या.

एकट्या आईने मूल वाढवणे त्या काळी केवळ लोकापवादाचा विषय नव्हता. बहुसंख्य हिंदू स्त्रियांना घटस्फोटाची वाट कायद्याने खुली नव्हती. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाच्या हिताचा उल्लेख होता खरा. परंतु पिता हयात असून न्यायालयाने त्याला अपात्र ठरवले नसेल, तर अन्य कोणाची पालक म्हणून नेमणूक करता येत नसे. पतीने दावा लावल्यास आईची बाजू लंगडी पडे. माहेर सुटलेल्या, उत्पन्न नसलेल्या स्त्रीला तर कोर्टाची पायरी चढणेही दुष्कर होते. ताराबाईंपाशी शिक्षण आणि नोकरी होती. बहुतेकींपाशी ती नव्हती.

१९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. मूल ही वडिलांची वा आईची मालमत्ता नसून ते स्वतंत्र व्यक्ती आहे, या जाणिवेवर त्यांचे बालशिक्षण उभे राहिले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली. अनुताई वाघ यांची साथ त्यांना अखेरपर्यंत लाभली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

कायदाही हळूहळू मुलाकडे वळला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पित्यालाच प्रथम नैसर्गिक पालक मानले. मात्र पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे ठेवला आणि मुलाचे कल्याण सर्वोपरी ठरवले. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पिता हयात असतानाही आई पालक ठरू शकते, असा निर्वाळा दिला. १८९० च्या कायद्यातील त्या कलमात पित्याच्या जोडीला आईचे नाव येण्यास मात्र २०१० साल उजाडावे लागले.

आज ताब्याच्या दाव्यात आई जिंकली की वडील, हा प्रश्न गौण आहे. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क मागता येतो, खर्चाची जबाबदारी टळत नाही आणि परिस्थिती बदलल्यास आदेशही बदलता येतो. या साऱ्याच्या मुळाशी मुलाचे हितच असावे लागते. त्या हिताचा ध्यास ताराबाईंनी आयुष्यभर घेतला. भांडणाऱ्या पालकांनी कोर्टात जाण्यापूर्वी त्यांचे हे चरित्र आठवणे उपयोगाचे ठरेल.